सुईशेजारची टिचकी

आमच्या क्लिनिकमध्ये सुई टोचतात मॅडम, पण पेशंट हात धरतो तो माझा. कोणी हळूच धरतं, कोणी अंगठी रुतेपर्यंत आवळतं. मी दोन्ही चालवून घेते. ज्याचा हात गार असतो तो हमखास 'मला नाही हं भीती वाटत' म्हणतो. मला ते लगेच ओळखता येतं, कारण माझे स्वतःचे हात बारा महिने गार असतात.

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. क्लिनिक बंद करून मी जिना उतरते आणि परत चढून कुलूप ओढून बघते. वापरलेल्या सुया डब्यात गेल्या का बघते, मग डब्याचं झाकण बघते. गावाकडून फोन आला की 'हॅलो'च्या आधी माझ्या तोंडून 'काय झालं?' निघतं. मॅडम म्हणतात, "सुरेखा, तुला काळजीचा पगार वेगळा द्यायला हवा."

माझं गाव किनवटच्या पलीकडे, जिथे महाराष्ट्र संपत येतो तिथे. आठवीपर्यंत शाळा गावात होती. नववीला ओढ्यापलीकडे जावं लागायचं, ते सुटलं. मुंबईला आले ती माटुंग्याला मॅडमच्या सासूबाईंना सांभाळायला. अंथरुणाला खिळलेलं माणूस, त्यांचं सगळं मी केलं. त्या गेल्या तेव्हा मी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आता इथे माझं काय काम? मॅडम तेराव्याची भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "ती पिशवी आत ठेव. सोमवारपासून माझ्याबरोबर दादरला क्लिनिकला यायचं." त्या एका वाक्याचं माझ्यावर फार मोठं ओझं आहे, आणि ते उतरावं असं मला कधी वाटलं नाही.

तर आमचं काम. पाटीवर 'मेसोथेरपी' असं लांबलचक नाव आहे, पण लोक नुसतं 'मेसो' म्हणतात. साधं इंजेक्शन दंडात खोल जातं. आमची सुई तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती कातडीच्या आतच थांबते. जिथे दुखतं त्या जागेवर, थोड्या थोड्या अंतरावर, औषधाचे थेंब ठेवत जायचं. प्रत्येक थेंबापाशी मोहरीएवढी पुटकुळी वर येते आणि थोड्या वेळाने बसते. मान, पाठ, गुडघा यांच्या दुखण्याला करतात. केस गळतात त्यांना डोक्यात करतात. लग्न ठरलेल्या मुली चेहऱ्याला करून घेतात. त्या दिवशी तेल नाही, शेक नाही, चोळणं नाही. हे सांगायचं काम माझं. आपल्या लोकांना दुखऱ्या जागेवर तेल चोळू नका म्हणून सांगणं म्हणजे देवाला हात जोडू नका म्हणण्यासारखं आहे.

सगळ्यांना गुण येतो असं नाही. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात, "दुखणं कमी होईल, कदाचित. हाड नवीन होणार नाही." काहींना खरंच उतार पडतो. काही जण पुन्हा दिसत नाहीत, ते बरे झाले की कंटाळले हे आम्हाला कळत नाही.

माणसं मात्र काय काय येतात! वरळी कोळीवाड्यातून एक बाई खांद्यासाठी आल्या. सुई बघून खदखदून हसल्या. "एवरीशी? आमच्या बोंबलाचा काटा यापेक्षा मोठा असतो गो!" आणि पहिल्या टोचणीला अशा ओरडल्या, की बाहेर बसलेले दोन नवे पेशंट उठून निघून गेले. ठाकूरद्वारचा एक नवरा मुलगा लग्नाआधी केसांसाठी गुपचूप यायचा. एक दिवस बाहेरच्या बाकावर त्याची आईच बसलेली, मानेला टोचून घ्यायला, तीही गुपचूप. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आईच म्हणाली, "मी देवळात गेलेय. तू ऑफिसात आहेस. कळलं?" मुलाने मान डोलावली आणि तिच्या शेजारी बसून पेपर वाचायला लागला.

माझी एक पद्धत आहे, ती कोणी शिकवलेली नाही. मॅडम जिथे टोचणार त्याच्या शेजारी, दोन बोटं सोडून, मी टिचक्या मारत राहते. हलक्या, भरभर. माणसाचं लक्ष टिचकीकडे जातं आणि सुई येऊन गेलेली कळत नाही. लहानपणी पायात बाभळीचा काटा मोडला की आई अशीच करायची. एका हाताने टिचक्या मारायची, दुसऱ्या हातातल्या पिनेने काटा काढायची आणि तोंडाने शिव्या द्यायची. मी पहिल्यांदा नकळत तसं केलं तेव्हा वाटलं, मॅडम रागावतील. त्या म्हणाल्या, "चालू ठेव. दुखणं मेंदूकडे निघालेलं असतं, ते तुझी टिचकी वाटेत अडवते." त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, की तुझी टिचकी दादरला डॉक्टर वापरतात. आई म्हणाली, "मग दे की त्यांना शिव्याबी शिकवून."

माझं दुसरं काम प्रश्न विचारण्याचं. पाठीच्या पेशंटला, तो जुना असला तरी, प्रत्येक वेळी आत पाठवण्याआधी विचारायचं: रात्री दुखण्याने जाग येते का, वजन उतरलंय का, भूक कशी आहे, पायात मुंग्या किंवा जडपणा आहे का. यातलं एकही 'हो' असलं तर मॅडमना आधी सांगायचं. कारण पाठ दुखते ती नेहमी पाठीमुळेच दुखते असं नाही. हे प्रश्न मी कधी चुकवले नाहीत. आणि तरीही परबकाकींचं जे झालं ते झालं.

परबकाकी लालबागच्या. नवरा गिरणीत होता, तो कधीच गेला, मुलगा-सून विरारला. काकी एकट्या त्यांच्या चाळीतल्या खोलीत राहायच्या. त्यांचा धंदा ऐकून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या गणपतीच्या मूर्तींना खऱ्या कापडाचं धोतर नेसवायच्या, शेला घालायच्या, फेटा बांधायच्या. हल्ली ती मोठी हौस आहे, लोक मूर्ती आणि कापडाचा रंग दोन्ही ठरवून येतात. परळच्या एका कारखान्यात आषाढापासून चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत काकी वाकलेल्या असायच्या. निऱ्या पाटावर टाचण्या लावून बसवायच्या, इस्त्री करायच्या, मग टाचण्या काढून ते धोतर मूर्तीला गोंदाने चढवायच्या. टाचणीसकट कापड मूर्तीपाशी न्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

"तुमच्याकडे माणसाक टोचतत," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे देवाक टोचूचा नाय."

जन्म गेला लालबागला, तरी बोलणं अर्धं मालवणी. मला 'बाय' म्हणायच्या. मी एकटी राहते कळल्यावर दर खेपेला डब्यात काहीतरी यायचं. कधी घावणे, कधी नुसतीच सोलकढीची बाटली. मुंबईत मला जेवलीस का हे विचारणारी मॅडमनंतरची दुसरी बाई म्हणजे काकी.

मागच्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला त्या पाठ धरून आल्या. वाकून वाकून पाठ गेली असणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? मॅडमनी तपासलं, काही खेपा टोचलं, आणि काकींना खरंच उतार पडला. "तुझ्या मॅडमच्या हाताक यश असा गो," म्हणाल्या. येणं बंद झालं.

श्रावणात पुन्हा आल्या. जिना चढून दाराशी आल्या तेव्हा चौकट धरून उभ्या राहिल्या. ब्लाऊज खांद्यावरून उतरत होता.

मी प्रश्न विचारायला घेतले.

"काकी, रात्री दुखण्याने जाग येते?"

"रात्री झोपता कोण? सीझन असा."

"वजन उतरलंय तुमचं."

"श्रावण नाय काय? सोमवार धरतंय, शनिवार धरतंय. उतरतलाच."

"भूक?"

"उपासाक भूक लागली तर तो उपास कसलो?"

"पायात जडपणा?"

"दिवसभर मांडी घालून बसतंय. तुझे पाय काय उडतीत?"

त्या हसत होत्या. बाकावरचे बाकीचे पेशंटही हसले. माझ्या प्रत्येक प्रश्नाला सीझनकडे उत्तर तयार होतं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी आत जाऊन मॅडमना म्हटलं, "चारी प्रश्नांना त्या सीझनचं नाहीतर उपासाचं कारण देतात. पण मला भीती वाटते." मॅडम या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी काकींना पालथं झोपवलं, कण्यावर मुठीने हलकेच ठोकत खाली गेल्या. एका जागी काकींचा श्वासच अडकला.

मॅडमनी हातमोजे काढून ठेवले. "काकी, आज टोचणार नाही. आधी एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या. त्याशिवाय सुई नाही."

"अहो, थोडा तरी टोचा. अजून किती मूर्ती करूच्या रवल्यासत."

"टोचलं तर दुखणं झाकलं जाईल. मला ते झाकायचं नाही, बघायचंय."

काकी जिना उतरून गेल्या. त्या दिवशी डबा दिलाच नाही. पिशवीत होता, मला वरून दिसत होता.

मॅडमनी त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, आईला सांगून बघतो, पण गणपती झाल्याशिवाय ती हलायची नाही. लालबाग-परळमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे श्रावण लागला की सगळं 'गणपती झाल्यावर'. मोतीबिंदू गणपती झाल्यावर, घराचा रंग गणपती झाल्यावर, नवरा-बायकोचं भांडण मिटवायचं तेही गणपती झाल्यावर.

मी सुट्टीच्या दुपारी कारखान्यात गेले. पत्र्याखाली ओळीने मूर्ती आणि मधल्या वाटेत काकी, तोंडात टाचण्या धरून. मला बघून त्यांनी टाचण्या काढल्या.

"मॅडमनी धाडल्यानी?"

"मी आपली आले. काकी, एक दिवस. माझ्याबरोबर चला, संध्याकाळी परत आणून सोडते."

"बस हय. ता टोक धर."

मी कापडाचं टोक धरलं. त्या निऱ्या घालायला लागल्या. जांभळ्या रंगाचं, सोनेरी काठाचं धोतर होतं. मी बोलत राहिले. मॅडम कशा म्हणाल्या, पाठीवर ठोकल्यावर कसं दुखलं, उशीर झाला तर काय. काकी ऐकत होत्या, बोटं थांबली नाहीत.

"तू सगळ्याकच भियतंस गो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी रस्ता क्रॉस करताना माझो हात धरलंस तो पलीकडे गेल्यावर पण सोडूक नाय."

"या वेळी वेगळं आहे."

"तुका दर वेळी वेगळाच वाटता."

रोज कुलूप ओढून बघणाऱ्या माणसाने एक दिवस ओरडून सांगितलं की आज दार खरंच उघडं आहे, तर कोण ऐकेल?

थोड्या वेळाने काकींनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाय, माका कळत नाय असा वाटता तुका? माझा अंग माका कळता. पण आता जाऊन काय वायट ऐकलंय, तर तेच मनात घेऊन हेंच्या अंगाक हात लावू?" त्यांनी मानेने मूर्तींकडे दाखवलं. "ही लोकांच्या घरात जातली. थय पोरां-बाळां असत. जोपर्यंत माका म्हायत नाय, तोपर्यंत माझे हात बरे असत. गणपती जावंदेत. दुसऱ्या दिवशी मी आपणहून येतंय. ह्या देवाच्या समोर सांगतंय."

मी रडायला लागले. त्यांनी हातातली निरी सोडली नाही, कोपरानेच माझा खांदा ढकलला. "डोळ्याचा पाणी कापडावर पाडू नको, डाग पडता."

त्यानंतर मी कामावरून सुटले की कारखान्यात जाऊन टोक धरायची. मला वाटायचं, काम लवकर उरकलं तर एक दिवस मोकळा निघेल. पण काम उरकलं की कारखानदार नवी मूर्ती पुढे सरकवायचा आणि काकी नाही म्हणायच्या नाहीत. शेवटी शेवटी त्या उभ्या राहताना मूर्तीच्या पाटाचा आधार घ्यायच्या. मॅडम मला रोज विचारायच्या, "काय म्हणतात?" मी मान हलवायची. एकदा मॅडम स्वतः माझ्याबरोबर गेल्या. काकींनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, पाया पडल्या आणि तेच सांगितलं. परत येताना टॅक्सीत मॅडम म्हणाल्या, "आपण सांगू शकतो, सुरेखा. उचलून नेऊ शकत नाही."

चतुर्थीला काम संपलं, तरी काकी विसर्जनापर्यंत हलल्या नाहीत; शब्द गणपती गेल्यानंतरचा होता. अनंत चतुर्दशीला लालबागमध्ये जे असतं ते होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर गुलाल, चपला आणि फुलांचा चिखल. मी क्लिनिकचं कुलूप उघडायला आले तर काकी खाली जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. नवी साडी, केसांत अबोली. शब्द पाळला होता.

"चल, खय नेतंस थय ने," म्हणाल्या. "पण वर नको. जिनो चढूचो नाय माझ्यान."

पाय उचलतच नव्हते. एका शेजाऱ्याने उचलून टॅक्सीत बसवून त्यांना दादरपर्यंत आणलं होतं.

एमआरआय झाला. गाठ मुळात दुसरीकडेच होती, तिथून ती कण्यात उतरली होती. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांशी मॅडम बोलल्या. बाहेर येऊन त्यांनी मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते रोज मनात म्हणते. "महिनाभर आधी आल्या असत्या तर वाचल्या असत्या असं कोणी सांगू शकत नाही. पण पाय कदाचित राहिले असते."

पाय. म्हणजे खोलीच्या दारापर्यंत जाणं, गॅलरीत उभं राहून खालच्या बाईशी भांडणं, स्वतःचं स्वतः उरकणं. तेवढंच. मी मॅडमच्या सासूबाईंचं अंथरूण केलेली बाई आहे, मला पायाची किंमत माहीत आहे.

मुलाने त्यांना विरारला न्यायचं ठरवलं, पण काकी लालबागची खोली सोडायला तयार नव्हत्या. मग सूनच येऊन राहिली. मी क्लिनिक सुटल्यावर जायची. दिवाळीत मॅडमही आल्या. गॅलरीत कंदील लावला होता, सुनेने फराळ पुढे केला. काकी कुशीवर वळून म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तेवढा टोचून जावा."

मॅडम त्यांच्याजवळ बसल्या. "काकी, या दुखण्याला ती सुई पुरत नाही. तुमच्या गोळ्या वाढवून द्यायला सांगितलंय मी."

"बरा," काकी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "सुई नको तर नको. हिका टिचको मारूंदे. ता तरी बंद नाय ना झाला?"

मी त्यांच्या पाठीशी बसले. हाडांवर कातडी नुसती पांघरल्यासारखी होती. दुखऱ्या जागेपासून दोन बोटं सोडून मी टिचक्या मारायला लागले, हलक्या, भरभर. सुई येणार नव्हती. मॅडमनी तोंड गॅलरीकडे फिरवलं.

काही वेळाने काकी डोळे मिटूनच बोलल्या. "बाय, तुका मी हसलंय."

"असू दे काकी."

"तू भियतंस ता बरा असा गो. कोणतरी भियाक होया माणसासाठी."

माघी गणपतीच्या आधी त्या गेल्या. त्या कारखान्यातल्या काही मूर्तींना या वर्षी त्यांनी आदल्या वर्षी कापून ठेवलेली धोतरं नेसवली, असं कारखानदाराने मला सांगितलं. मी बघायला गेले नाही.

या चतुर्थीला लालबागचा एक पेशंट मला म्हणाला, "ताई, रिपोर्ट गणपती झाल्यावर काढतो." बाकावरच्या सगळ्यांसमोर मी काकींची गोष्ट सांगितली. बोलताना आवाज फुटत होता, कोणीतरी कुजबुजलं, हिला काय झालं. तो माणूस दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन आला. त्यात काही निघालं नाही. मला जराही लाज वाटली नाही.

हे सगळं दिवाळी अंकात लिही, असं आमच्या एका पेशंट बाईंनी सुचवलं, त्यांची ओळख आहे म्हणाल्या. मी नववीची पायरी न चढलेली, मला काय लिहिता येणार? पण लिहायला बसले. काल रात्रीच्या जेवणाआधी थांबले, कारण गावाहून फोन आला. आईचा.

"काय झालं?" मी म्हटलं.

"कुठं काय? पाठ धरलीया जरा, म्हणून बसले होते, म्हटलं फोन लावावा."

मी एक एक करून विचारलं. आई, रात्री जाग येते? "म्हातारपणी झोप कुठं असतीया." वजन? "ह्या दिवसांत कोण लठ्ठ होतंय गं, रानात काम किती." भूक? "हाय की." पायात जडपणा? "चिखलात उभं राहून जडच व्हतेत पाय. सोयाबीन निघू दे. मग दाखवते नांदेडला."

"सोयाबीन निघायची वाट बघायची नाही."

"बया! बारकी होतीस तवापासून भेकडच हाईस तू."

"हो," मी म्हटलं. "उद्याच्या गाडीने येते."

मॅडमकडे रजा मागितली तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, माझ्याकडे बघूनच ओळखलं. क्लिनिकची किल्ली आज मॅडमनी माझ्या जागी बोलावलेल्या मुलीला द्यायचीय. कुलूप दोनदा ओढून बघ, एवढं तिला सांगितलंय. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.